गळून पडलेली फॅदमची चिठ्ठी

ग्लेंडा पार्डीची बावीस वर्षं सेंट जॉन्स बंदरातल्या एका सर्वेक्षण कचेरीत खेकडे मोजण्यात गेली. मोजायचे म्हणजे 'आर' नावाच्या आकडेवारीच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा आणि कुठल्या खाडीत किती खेकडा उरलाय ते वर कळवायचं. निवृत्तीला चार महिने होते, आणि बाई पार विटली होती.

त्या भाषेची एक खोड होती. बोटींवरून पाण्याच्या खोलीचे आकडे येत, त्यांना 'फॅदम' अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. एक फॅदम म्हणजे सहा फूट. पण लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फेरा, फिरवून एकेक आकडा काढला, की चिठ्ठी गळून पडायची आणि प्रोग्रॅम त्याला मीटर समजायचा, म्हणजे खोली जवळजवळ निम्मी व्हायची. म्हणून दर वर्षी ग्लेंडा लूपच्या आत चिठ्ठी परत चिकटवणारी एक ओळ हाताने लिहायची.

यंदा भाषेच्या नव्या आवृत्तीत सोय आली. लूपमध्ये एकेक आकडा चिठ्ठीसकट कसा बाहेर द्यायचा, ते आकड्यांच्या गाठोड्यालाच एकदा शिकवून ठेवायचं. बस्स.

"एवढी अक्कल यांना आधी नाही सुचली?" ती करवादली.

"सुचली असती तर तुला इथे कुणी ठेवलं असतं?" शेजारच्या टेबलावरून सिरिल म्हणाला.

तिने नियम लिहिला आणि पडताळा म्हणून जुनी सगळी वर्षं पुन्हा चालवली. सगळी जुळली, नऊ वर्षांपूर्वीचं एक सोडून. त्या वर्षी ती ओळ घालायचीच राहिली होती. खोल पाण्यातला खेकडा उथळात मोजला गेला, खोल पाणी रिकामं दिसलं, आणि खाडी मासेमारीला बंद झाली. तिच्या धाकट्या भावाची, वॉलेसची खाडी. त्याने त्याच हिवाळ्यात बोट विकली. आता तो एका गोदामावर पहारा करतो.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. समोरचा चहा गार होऊन गेला. शेवटी तिने फोन लावला.

"वॉली, चूक माझी होती. खेकडा होता रे त्या खाडीत. भरपूर होता."



"मला माहीत होतं," तो म्हणाला. "माझे पिंजरे भरून येत होते. तूच म्हणालीस, डोळ्यांवर जाऊ नकोस, माझ्या आकड्यांवर विश्वास ठेव."

"हो."

"ठेवला ना गं मी."