धाकू पालवांचं लायसन्स

धाकू पालव घाटकोपरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बावीस वर्षं गाडी शिकवत होते. वडील गिरणीत, गाव मालवणकडचं, राहायला भटवाडीत. निम्मी भटवाडी त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकली होती. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, भिंतीला गाडी टेकवणाऱ्यांनीसुद्धा.

धुळवडीला ते मेहुण्याकडे मुलुंडला गेले. सोबत सहा वर्षांची नात, उत्तरा. गाडी स्कूलचीच, मालक हर्षदभाईंना विचारून आणलेली. छतावर स्कूलच्या नावाची पाटी. मेहुण्याकडे मटण झालं. मटणाआधी बिअर झाली.

दुपारी निघताना मेहुणा म्हणाला, "भावोजी, रिक्षा बोलावू काय?"

"कोणाला सांगतोस रे?" म्हणत धाकूंनी गाडी काढली.

भांडुपला नाकाबंदी होती. हवालदाराने आधी छतावरची पाटी वाचली, मग आत डोकावला.

"शिकाऊ कोण आहे?"

"कोणी नाय. मी शिकवतो."

"बरं. फुंका."

धाकूंनी नळीत फुंकर मारली. तीसपर्यंत चालतं. यंत्रावर ब्याऐंशी आले. मागच्या सीटवरून उत्तरा म्हणाली, "काका, परत द्या ना. आजोबांना नीट जमलं नसेल."

हवालदाराने परत दिलं. चौऱ्याऐंशी.

लायसन्स गेलं, गाडी चौकीत लागली. पोरीला न्यायला धाकूंची मुलगी जान्हवी रिक्षाने आली. बापाकडे न बघता ती ओढणीने उत्तराच्या गालावरचा हिरवा रंग पुसायला लागली. रंग निघत नव्हता, तरी पुसत राहिली.

"बेल्ट लावला होता हिला?"

"लावला होता."

"उपकार झाले," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली.

कोर्टाची तारीख महिन्याने लागली. वकील म्हणाला, "यंत्रात बिघाड होता म्हणू या."

"दोनदा फुंकलं मी," धाकू म्हणाले.

मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"हो."

"काम काय करता?"

"गाडी शिकवतो."

बाईंनी मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची शिक्षा. पुढे आरटीओने सहा महिने लायसन्स बंद केलं. कोर्टात त्या दिवशी बायको जानकी शेजारी बसून होती. चार वाजता तिने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि एकटीनेच संपवला.

हर्षदभाईंनी काढून टाकलं नाही. "धाकूभाऊ, गाडीत नको. वर्गात बसा," म्हणाले. लर्निंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांना सिग्नल, पाट्या, दंड हे सगळं शिकवायचं. पहिल्याच आठवड्यात एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "सर, ड्रंक अँड ड्राइव्हला पनिशमेंट काय असते?"

धाकूंनी पुस्तक उघडलं. मग मिटलं.

"पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मला दंड झाला," ते म्हणाले. "नातीला घेऊन चाललो होतो. मुलगी अजून बोलत नाय माझ्याशी. ते परीक्षेत विचारत नाहीत, पण लिहून ठेवा."

कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी खरंच लिहून घेतलं.

जान्हवी दोन इमारती सोडून राहायची. आधी उत्तराला रोज सकाळी धाकूच स्कूटरवरून शाळेत सोडायचे. आता शाळेची व्हॅन लावली होती. घरी आलीच तर जान्हवी आईशी बोलायची आणि निघायची. धाकूंनी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ती "हं" म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर लायसन्स परत मिळालं. ते खिशात घालून धाकू तिच्या दारात उभे राहिले.

"उद्यापासून सोडू काय हिला?"

जान्हवी पोळ्या लाटत होती. तिने आणखी दोन पोळ्या लाटल्या.

"सोडा," ती म्हणाली. "पण चालत."

शाळा पंचवीस मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी साडेसहाला धाकू हजर. मोठा रस्ता आला तसं उत्तराने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आईने सांगितलंय," ती म्हणाली, "रस्ता क्रॉस करताना आजोबांना सोडायचं नाही."

धाकूंनी धरू दिलं. सिग्नल हिरवा झाल्यावर दोघं निघाले.