आवाज आल्याशिवाय उठायचं नाही

मंगळवार होता. मी स्टाफरूममध्ये सातवीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि शेजारच्या बाई आपल्या डब्यातली शेवभाजी मला वाढत होत्या. फोन धुळ्याहून आला. रामदास नाना, तिथले सुतार. म्हणाले, "मॅडम, खांब तयार झाले. पण सर इथं बाकावर बसले होते, ते उठलेच नाहीत."

सर म्हणजे माझे यजमान. शाळेतून निवृत्त झाल्यावरही ते अमळनेरला जुन्या तेलमिलमागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज संध्याकाळी मुलांना खो-खो शिकवायचे. मेडल मिळवणारी मुलं दुसरीकडे जायची. यांच्याकडे यायची ती परीक्षेच्या भीतीने आजारी पडणारी, घरातल्या भांडणांनी गप्प झालेली. मैदानावरचे जुने खांब वाळवीने खाल्ले, म्हणून नवे करून आणायला ते धुळ्याला गेले होते. निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, "खांब बसू देत. भागी खो देते की नाही बघ!"

भागी म्हणजे भाग्यश्री, नऊ वर्षांची. चोपडा रस्त्यावर अपघातात तिचे वडील गेले आणि ती बोलायची थांबली. आणि खो-खोत तर बोलावंच लागतं. बसलेल्या गड्याच्या मागे यायचं, पाठीवर हात मारायचा आणि मोठ्याने 'खो' म्हणायचं. मगच तो उठून पळणाऱ्याच्या मागे लागतो. भागी सगळ्यांत जोरात पळायची. फक्त खो तिच्या तोंडातून येत नव्हता.

तो खो ऐकेपर्यंत मैदान बंद करायचं नाही, असं मी ठरवलं. मराठी शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईने खो-खोचं मैदान चालवायला घेतलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते रोज सहा वाजता आपणहून येतात!

* * *

सर गेल्यावर पंधराव्या दिवशी खांब घरी आले. नानांनी ते एका पिकअपमध्ये कापसाच्या गठाणींवर टाकून पाठवले होते. नणंद म्हणाली, "वहिनी, इतक्यात मैदानावर? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोकांना सांग, सहाला या. माती उकरायला माणसं कमी आहेत."

सरांच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. दोन खांबांमध्ये पंचवीस पावलं. मी पावलं मोजली, मुलांनी खड्डे खणले, खांब बसवले, माती ठोकली. मग सोहम, आमचा सगळ्यांत वाचाळ गडी, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळाला आणि लगेच थांबला.

"मॅडम, हे तर अंगण झालं!"

पावलं सहा फुटी माणसाची होती. मी पाच फूट एक इंच! एक खांब पुन्हा उपटला.

* * *

शिट्टी मला वाजवता येईना. "मॅडम, नुसती हवाच येते," असा रिपोर्ट पहिल्याच दिवशी मिळाला. मी घरून स्टीलचं ताट आणि पळी आणली. ताट वाजवलं की गोळा व्हायचं.

ताट वाजवलं. पाच मिनिटांत पलीकडच्या गल्लीतून दोन बायका जुन्या साड्यांची गाठोडी घेऊन हजर! त्यांना वाटलं, कपड्यांवर भांडी देणारी आली.

त्यातली एक जरा वेळ थांबली, मुलांकडे बघत राहिली. म्हणाली, "माझी पोरगी घरातून बाहेरच पडत नाही हो. आणू का?"

गाठोडं घरी गेलं आणि पोरगी मैदानावर आली.

* * *

प्लॉट ज्यांचा, त्या शेठजींचं कापडाचं दुकान आहे. एकदा मोटारसायकल लावून ते बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता जागा मागणार. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"मॅडम, खेळून मार्क वाढतात का?"

"नाही."

"मग?"

"तुमच्या ऋषभचं दर सोमवारी शाळेच्या वेळेला पोट दुखतं ना? ते थांबायची शक्यता आहे."

ऋषभ यायला लागला. दोन महिन्यांनी शेठजी पुन्हा आले. "मॅडम, पोट दुखायचं थांबलं. पण आता रोज गुडघे फोडून येतो!"

"गुडघ्याला मलम लावता येतं, शेठजी."

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या नोकराबरोबर मलमाच्या सहा ट्यूब आल्या.

* * *

खेळ म्हणजे औषध नव्हे, हे सर नेहमी सांगायचे. भागीला जळगावच्या मानसोपचार डॉक्टरांकडे न्यायला सुरुवात त्यांनीच केली होती. पुढे मी न्यायला लागले. बरोबर तिची आजी असायची, अक्का. डॉक्टरांनी विचारलं, "हल्ली घरी कशी असते?"

अक्का अहिराणीत म्हणाल्या, "बोलत नही. पन सांजले मैदानवर पयस. मंग पोटभर जेवस."

मी 'पळते' असं भाषांतर करायला तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, "कळलं. मी शिरपूरचा आहे." कागदावर लिहिता लिहिता पुढे म्हणाले, "मॅडम, मैदान बंद करू नका."

"करणार नाही," मी म्हटलं. "पण आवाज कधी येईल?"

"घाई तिला नाहीये. तुम्हाला आहे."

परतीच्या बसमध्ये अक्कांनी मला अर्धं केळं दिलं आणि भागीला दोन!

* * *

शिंदखेड्याहून एक टीम मैत्रीची मॅच खेळायला आली. भागीने पहिला खो दिला आणि त्यांच्या सरांनी शिट्टी मारली. "फाऊल! आवाज आला नाही."

सोहम पुढे झाला. "आला ना सर! फक्त दुसऱ्याच्या तोंडातून आला."

हे मलाही तेव्हाच कळलं. मुलांनी आपापसात एक पद्धत ठेवली होती. भागीचा हात पाठीवर पडला की जो बसलेला असेल, त्यानेच 'खो' ओरडायचं आणि उठायचं. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

ते सर म्हणाले, "हा कुठला नियम?"

"नियम नाही सर. आमच्याकडे असंच चालतं."

त्यांनी भागीकडे बघितलं, शिट्टी खिशात टाकली. आम्ही मॅच हरलो. मोठ्या फरकाने हरलो! जाताना ते माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "आमच्याकडेही एक मुलगा आहे, मॅडम. पुढच्या वेळी त्याला आणतो."

* * *

आणि हा किस्सा गेल्या महिन्यातला.

परीक्षा जवळ आलेली, त्यामुळे मुलं कमी. बसायला एक गडी कमी पडत होता. सोहम म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा. नुसतं बसायचंय!"

मी पदर खोचला आणि रांगेत बसले. गुडघे कुरकुरले. सरांच्या वहीतला नियम मी मनात घोकत होते : आवाज आल्याशिवाय उठायचं नाही.

खेळ सुरू झाला. सोहम पळत होता, भागी मागे होती. सोहम माझ्यासमोरून गेला आणि माझ्या पाठीवर हात पडला.

मी बसून राहिले. मुलांची पद्धत त्या क्षणी मी साफ विसरले.

दुसऱ्यांदा हात पडला, जरा जोरात. सगळे ओरडायला लागले, "मॅडम, उठा! मॅडम, तुम्हीच म्हणा!" इतक्या महिन्यांत कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नव्हता.

तिसऱ्यांदा दोन्ही हात पडले.

"खो! खो! ऊठ ना व मॅडम!"

ऋषभच्या तोंडाचा आ तसाच राहिला. प्लॉटच्या कडेला बसलेल्या अक्का उभ्या राहिल्या.

मी उठले.

सोहम तोवर पलीकडच्या खांबाला वळसा घालून पार निघून गेला होता. त्याला बाद करायचं राहूनच गेलं.