कणगीवरचा हात

चारठाण्याच्या आमच्या घरात चुलीवरच्या माळ्यावर एक लहानशी कणगी होती. बांबूच्या कामट्यांची, बियाण्याची ज्वारी ठेवायची. पणज्याच्या काळातली, आणि वीण इतकी बारीक की तसं विणणारा हात पंचक्रोशीत उरला नव्हता. मला ती कधी पुरती दिसलीच नाही. धाब्याच्या सवण्यातून, छतातल्या त्या झरोक्यातून, उन्हाची तिरीप यायची, धूर तिच्यात तरंगत राहायचा आणि त्या धुरात कणगीचं पोट नुसतं जाणवायचं. लहानपणी मी तिच्याकडे बघत बघत झोपी जायचे.

निजामाचं राज्य होतं. देवळांची मापं घ्यायला हैदराबादच्या अजायबखान्याचे, म्हणजे वस्तुसंग्रहालयाचे, एक साहेब आले होते, चावडीत उतरले होते. आमच्याकडे पाणी प्यायला आले आणि वर बघतच राहिले. अजायबखान्यात मांडायला त्यांनी कणगी मागितली. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, उठून कणगीखाली जाऊन उभे राहिले.

"माझ्यामागं हिला कोण जपंल," ते म्हणाले. "घेऊन जावा."

निघताना साहेबांनी मला बजावलं, "बाई, हिला काही करू नका. जशी आहे तशीच द्या."

आता पाहुणा 'काही करू नका' म्हणतो म्हणून कुणी चूल विझवून बसतं का? मी माहेरपणाला आले होते, अंगात उत्साह होता. दादा शेताकडे गेल्यावर कणगी खाली घेतली. सारवण काजळीनं काळं, भेगाळलेलं, काठ झिजलेला. ही अशी हैदराबादला गेली तर लोक नावं ठेवतील. मी शेणमाती कालवली आणि सगळी कणगी छान सारवून काढली. स्वतःवरच खूश होते.

दुपार कलल्यावर दादा आले. ओली कणगी बघून दारातच बसले.

"काय केलंस गं माय," ते म्हणाले. "तुझ्या आईचा हात हुता तिच्यावर. तू पोटात हुतीस तवा सारवली हुती. मागनं कुणाला हात लावू दिला न्हाई म्या."

आई मला जन्म देऊन गेली. तिची तसबीर नाही, काही नाही. जे होतं ते मी माझ्या हातानं लिंपून टाकलं होतं. मला रडूसुद्धा येईना.

दादा तसेच अनवाणी चावडीकडे गेले आणि साहेबांना घेऊन आले. साहेब रागावले नाहीत. आतून कापूस भरून त्यांनी कणगीला आधार दिला, वर ओला फडका टाकला आणि बांबूच्या पातळ काडीनं माझं सारवण नखभर नखभर उचलू लागले. जुन्या सारवणावर चुलीची काजळी बसली होती, तिनं नवं शेण आत मुरू दिलं नव्हतं. दादा फडका भिजवून देत होते. ऊन भिंतीवर चढत गेलं, तांबडं झालं. त्या घरात आम्ही तिघं किती वेळ होतो, मला आजही सांगता येत नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला चार बोटांचा ठसा वर आला. मग अंगठा, मग तळवा. सारवताना कणगी धरायला आईनं तो हात टेकवला असावा.

"हात लावू नका, नुसता जवळ धरा," साहेब म्हणाले.

मी माझा पंजा शेजारी धरला. माझा मोठा होता.

"एकोणीस वर्सांची हुती," दादा म्हणाले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते.

चौथ्या दिवशी कणगी पेंढ्यात बसून बैलगाडीनं सेलू स्टेशनाकडे निघाली. मी वेशीपर्यंत मागे गेले.

"सावकाश न्या, भाऊ," मी गाडीवानाला म्हणाले. "पोर हाय आत."