दोघींचं वाचून झाल्यावर

मी गाव सोडलं तेव्हा बाबा बसच्या टपावर तांदळाची गोणी चढवून घेत होते आणि आई माझ्याशी पुस्तकांवरून वाद घालत होती. नाक्यावर मुंबईची संध्याकाळची बस उभी, क्लीनर ओरडतोय, आणि आमचं आपलं चाललंय. मला अंधेरीत नोकरी लागली होती, दहिसरला आत्याकडे राहायचं ठरलं होतं. आईची अट एकच. आठवड्याला एक पुस्तक दोघींनी वाचायचं, मी तिथे आणि ती इथे, पुस्तक तेच. दोघींचं वाचून झालं की मगच आपापल्या वहीत नोंद करायची, त्याआधी नाही. दोन सारख्या वह्या तिने आधीच आणून ठेवल्या होत्या. मी वैतागून हो म्हटलं. बस हलली तशी ती पदराने डोळे पुसायला लागली आणि माझंही अवसान गळालं.

तुम्हा गाववाल्यांपैकी जे गावीच राहिले त्यांना आमचं वाचनालय माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या बाजूची खोली, तीन कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली कायम हरवलेली. आई रविवारी फोनवर तिथल्या पुस्तकाचं नाव सांगायची आणि मी ते बोरिवलीच्या लायब्ररीत शोधायचे. तिथला माणूस हसायचा. "मॅडम, हे आता कोण मागत नाय हो. नवीन काहीतरी न्या ना." आईच्या पुस्तकांनी माझ्या नाकी नऊ आणले. पण मिळायचं कुठेतरी, कधी रद्दीवाल्याकडेसुद्धा. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना हे आठवडे ठाऊक आहेत. ऑफिस, शिफ्ट, डबा, आत्याकडून पेइंग गेस्ट, तिथून भाड्याची खोली, मग दहिसरलाच नदीपलीकडे स्वतःचा वन बीएचके. या सगळ्यात माझं म्हणून जे होतं ते त्या वहीत होतं. पुस्तकाचं नाव आणि खाली एक ओळ. आईच्या ओळी कडक असायच्या. "बाई शहाणी, लेखक नाही," असं एकदा तिने फोनवर वाचून दाखवलं होतं.

बाबा या सगळ्यापासून लांब. त्यांना वाचायला यायचं, पण पेपरपलीकडे कधी गेले नाहीत. "दोघी मिळान कोणाच्या पोरांची लग्ना लावतत देव जाणे," म्हणायचे आणि बागेत निघून जायचे.

गेल्या वर्षी आई आजारी पडली. मी रजा टाकून गेले. दवाखान्यात तिच्या उशाला त्या आठवड्याची कादंबरी होती, पानात खूण म्हणून केसातला आकडा. बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईची गोष्ट. माझं वाचून झालं होतं. आईला पुस्तक धरवत नव्हतं. मी म्हटलं, मी वाचून दाखवते, नाहीतर शेवट तरी सांगते. तर डोळे वटारून म्हणाली, "सांगू नको हां. घरी जावन माजा मी वाचतलंय."

ती घरी आली नाही.

दिवसकार्य उरकून मी दहिसरला परतले. वहीत त्या आठवड्याची जागा कोरी होती. तिथे लिहिता येईना आणि ती सोडून पुढचं पुस्तक उघडवेना. मला वाटलं, आता हे कायमचंच. गावचं घर जागेवर होतं, बाबा होते, इकडे माझ्या नावाचा फ्लॅट होता, तरी मला कुठेच घरी असल्यासारखं वाटत नव्हतं. रविवारी बाबांचा फोन यायचा. "जेवलंस?" "हो. तुम्ही?" "होय. ठेव." संपलं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "यार, लिहून टाक ना, कोण बघतंय?" तिचं बरोबर होतं आणि मला तिचा भयंकर राग आला.

मग एका रविवारी बाबा "ठेव" म्हणालेच नाहीत. खाकरले आणि म्हणाले, "तुज्या आयशीचा ता पुस्तक वाचून झाला. लिव आता."

मला काही कळेना. ते पुस्तक मागेच वाचनालयात परत गेलं असेल, असं मी धरून चालले होते. बाबांनी ते आईच्या नावावरच पुन्हा पुन्हा चढवून घेतलं होतं. रोज दुपारी पडवीत बसून, आकडा होता त्या पानापासून पुढे, एकेक पान करत त्यांनी ते संपवलं होतं. तिचं राहिलेलं तेवढंच.

"शेवटाक ती बाई दार उघडता, ता समाजला," ते म्हणाले. "पण भायर उभो तो कोण? तिचो घोव की भाव?"

आधीचं काहीच वाचलं नव्हतं, त्यांना कसं कळणार? मला उत्तर द्यायचं होतं, पण हुंदकाच आला. फोनमध्ये तो त्यांना ऐकू गेला असणार, कारण घाबरून त्यांनी विचारलं, "रडतंस कित्याक गो? तेचा काय वायट झाला?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुम्ही पहिल्यापासून वाचा. मी पण परत वाचते."

त्या दिवशी मी ती नोंद केली. बाबा आता पहिल्या पानापासून वाचतायत, फार हळू. रविवारी फोन करून सांगतात कुठवर आले ते, आणि मी तिथेच थांबते. आई आमच्या या बोलण्यात कुठेच नाही, आणि तेवढ्या वेळात तिच्याशिवाय दुसरं काही नसतं. मला कोणी घर कुठे म्हणून विचारलं तर मी दहिसर सांगते. पण माझं घर हा रविवारचा फोन आहे, आणि बाबांनंतर तो करणारं कोणी नाही.