दाराशी कोण बसणार

आक-ओरुकच्या लहानशा विमानतळावर झूराकान एकोणीस वर्षं एकच काम करत होती. माणसं मोजायची, सामान तोलायचं, तक्त्यावर रेघा ओढायच्या आणि विमानाचा भार नेमका कुठे पडतोय ते वैमानिकाला सांगायचं. गावाला वाटे, ही बाई तिकिटं फाडते.

त्या दिवशी राजधानीला जाणाऱ्या दोन पंख्यांच्या जुन्या विमानात फक्त तेवीस माणसं होती. जिल्ह्याचे आकीम, म्हणजे जिल्हाप्रमुख, मामासादिक परिषदेला निघाले होते आणि बाकीचे बावीस जण त्यांच्या मागे. सोबत मंत्रालयासाठी भेट म्हणून वाळक्या जर्दाळूंची साडेसहाशे किलोंची पोती. साहेबांचा मदतनीस इलियाज याने ती पुढच्या कप्प्यात, वैमानिकाच्या पाठीशी रचून घेतली. साहेबांची भेट मागे कशी ठेवायची?

माणसंही पुढेच बसली. तिथे घरात दारापासून जितकं लांब, तितका मान. दाराशी चहा ओतायला सुना बसतात. या विमानाचं दार शेपटीकडे होतं. तेव्हा आकीम पहिल्या रांगेत, उपआकीम दुसऱ्या, आणि हुद्द्याप्रमाणे बाकीचे. मागच्या रांगा रिकाम्या.

झूराकानने रेघा ओढल्या. भाराची खूण तक्त्यावरच्या सुरक्षित चौकटीच्या बाहेर गेली. ती विमानात चढली.

"साहेब, पुढे भार फार झालाय. मंडळींना घेऊन दहाव्या रांगेच्या मागे बसता का?"

"मी? दाराशी?" आकीम म्हणाले. "मी काय तुझी सून आहे?"

साहेब हसलेत याची खात्री करून घेऊन बाकीचे हसले.

वैमानिक गेन्नादीने तिच्या हातातला कागद पाहिला. "नाक जड आहे. उतरताना वर उचलणार नाही. मी नाही उडवत," एवढं बोलून तो खाली उतरला आणि पंखाच्या सावलीत सिगारेट पेटवून बसला.

"एझे, काहीतरी कर ना," इलियाज थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा कळवळून म्हणाला. "दुपारी भाषण आहे साहेबांचं."

"एकतर माणसं मागे जातील, नाहीतर पोती. विमानाला दोन्ही सारखीच."

माणसं मागे जाण्याचा प्रश्नच नव्हता. हमाल लगमानच्या शेवया खायला गावात गेलेले. मग शिक्षणाधिकाऱ्यांनी कोट काढला, पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी टाय खिशात कोंबला, आणि दहा पावलं मागे जाऊन बसण्यात ज्यांचा अपमान होत होता ते लोक भर उन्हात पाठीवर पोती घेऊन विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत खेपा घालू लागले. आकीम खिडकीतून ओरडत होते, "सांभाळून! मंत्रिसाहेबांची आहेत!"

मागचा कप्पा भरला तरी खूण चौकटीच्या काठावरच. झूराकानने दर माणशी ऐंशी किलो धरले होते. पोती वाहून घामाघूम झालेल्या मंडळींकडे तिने आता नीट पाहिलं आणि सगळ्यांना सामानाच्या काट्यावर बोलावलं.

आकीम सगळ्यांत शेवटी आले. काटा एकशे एकोणीसवर थांबला.

"ऐंशी लिही, एझे," ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"मी लिहीन ऐंशी. पण विमान एकशे एकोणीसच उचलणार, साहेब."

तिने एकशे एकोणीस लिहिले. हिशेबाने सहा जणांना तरी मागे बसावं लागणार होतं. सर्वांत धाकटे सहा हुद्दे कुणाचे यावर पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी इलियाज स्वतःच निघाला, त्याच्या मागोमाग पाच जण माना खाली घालून गेले. पुढच्या मंडळींनी त्यांच्याशी राजधानी येईपर्यंत बोलणं टाळलं.

विमान नीट उतरलं. तक्रार उड्डाणाआधीच फोनवरून पोचली होती. विमानतळाच्या संचालकांनी झूराकानला बोलावलं.

"आकीमसाहेबांचं वजन चारचौघांत उघड केलंस?"

"काट्यावरचे आकडेच एवढे मोठे आहेत. मी काय करू?"

"नोकरी हवीय ना? सही कर." लेखी ताकीद होती. तिने सही केली आणि परत येताना विमानतळाच्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली. एकोणीस वर्षांत तिचा हिशेब एकदाही चुकला नव्हता आणि तिच्या नावावर पहिला कागद आला तो हा.

आठवड्याने जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आकीमांचा फोटो छापून आला. 'उड्डाण सुरक्षेसाठी आकीमसाहेबांचा पुढाकार. प्रवासी व सामानाचं जातीने केलं योग्य वाटप. स्वतःचं वजनही तपासून घेतलं.'

झूराकान आधी संतापली. मग तिने कात्री काढली, बातमी कापली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवली.

त्या शरद ऋतूत एक खासदार पहिल्या रांगेसाठी अडून बसले. तिने वाद घातला नाही, काचेवर फक्त बोट ठेवलं. खासदारांनी बातमी वाचली, पुन्हा वाचली.

"मामासादिकने स्वतः वजन केलं?"

"हो. सगळ्यांसमोर."

खासदारांनी कोट काढून इलियाजसारख्याच एका पोराकडे दिला, पोट आत ओढलं आणि काट्यावर चढत म्हणाले, "मग माझंही लिही. आणि मला त्याच्याहून मागची रांग दे."