चकत्यांच्या ट्रेमधला रोमन राजा

शेखमामांनी नाणं माझ्या हातावर ठेवलं तेव्हा ते अजून कोमट होतं. एका बाजूला पायघोळ कपड्यांतली कुठलीशी रोमन देवी उभी होती. मी ते उलटलं. दुसरी बाजू गुळगुळीत सपाट, मधोमध ठिणगीचा काळा डाग. सकाळपर्यंत तिथे एक राजा होता.

मी शिक्रापूरजवळच्या एका फाउंड्रीत लॅब इनचार्ज आहे. आम्ही गनमेटलचे व्हॉल्व्ह ओततो. गनमेटल म्हणजे तांबं, त्यात कथील आणि जस्त. भट्टीतला रस साच्यात जाण्याआधी त्यातून रुपयाएवढी चकती ओतून लॅबच्या ट्रेमध्ये ठेवतात. शेखमामा ती सँडपेपरच्या फिरत्या पट्ट्यावर घासून सपाट करतात आणि स्पेक्ट्रोवर ठेवतात. हे मशीन चकतीवर ठिणगी पाडतं आणि त्या उजेडावरून कोणता धातू किती ते सांगतं. थोडक्यात, ट्रेमध्ये जे येईल ते आधी घासायचं. मामांची सगळी नोकरी यातच गेली.

आमचे प्लांट हेड जगतापसाहेब दौंडचे. त्यांना नुकताच जुन्या नाण्यांचा नाद लागला होता. सोन्याची रोमन नाणी सोडली तर बाकीची पगारदार माणसालाही परवडतात, हे एका प्रदर्शनात कळलं आणि त्यांनी पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून पहिलं नाणं घेतलं. चांदीसारखं, टोकदार किरणांचा मुकुट घातलेल्या राजाचं. कॅन्टीनमध्ये ते सगळ्यांना दाखवून झालं. मग दौंडच्या त्यांच्या सराफ मित्राने ते हातावर झेललं आणि "ही चांदी न्हाई" म्हणाला. साहेबांची झोप उडाली. नाणं खोटं निघालं तर परत घेईन, असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं. पण खोटं आहे हे कळायचं कसं? तर लॅब आपलीच आहे की.

मी मीटिंगमध्ये होते. साहेबांनी स्वतः येऊन नाणं ट्रेमध्ये ठेवलं, मामांना "मटेरियल चेक करा" म्हणाले आणि गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मला वाटलं, कुठल्या सप्लायरचा पीस आसंल," मामा म्हणाले. "घासून झाल्यावर पलटून बघितलं, तवा ती बाई दिसली."

मामा पाबळचे. रिटायरमेंट तोंडावर आलेली. एवढ्या वर्षांत त्यांच्या कामावर कधी शेरा आला नव्हता, आणि आता जाता जाता साहेबांचं नाणं. त्यांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं. मी नाणं आणि रिपोर्ट घेऊन साहेबांकडे गेले. नाणं पाहून ते लालबुंद झाले. मग रिपोर्ट वाचला. बहुतेक सगळं तांबं, थोडं कथील आणि शिसं, चांदी नावापुरती. राग एकदम व्यापाऱ्याकडे वळला. फसवलं म्हणजे फसवलंच, बरं झालं घासलं, असं म्हणून शनिवारी चार लोकांसमोर त्याला जाब विचारायचं त्यांनी ठरवलं. मामा सुटले.

मीही सुटले असते. पण ती नावापुरती चांदी डोक्यातून जाईना. खोटं नाणं करणारा वरून मुलामा देईल, आतल्या तांब्यात चांदी कशाला मिसळेल? नाणी जमवणाऱ्या एका मित्राला फोन केला. साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना मोबाइलवर पाठवलेला नाण्याचा फोटो त्यालाही पाठवला. तो हसायलाच लागला. म्हणाला, त्या राजांना चांदी कमी पडत गेली तसं त्यांनी नाण्यात तांबं वाढवलं, आणि शेवटी शेवटी तर वर नुसता चांदीचा पापुद्रा. तुमचा रिपोर्ट बरोबर आहे, नाणंही अस्सल दिसतंय.

म्हणजे भेसळ खुद्द राजाने केली होती, आणि अस्सल नाणं आम्ही घासलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वाटून गेलं. मी आधी मामांना सांगितलं. आपण गप्प बसलो तर तुमच्यावर काही येत नाही, असंही म्हटलं.

मामांनी पट्टा बंद केला. "त्या दुकानदारानं काय पाप केलंय, ताई? उगा चोर ठरंल. चला, सांगून टाकू."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"घासलं म्याच हाय, साहेब," मामा म्हणाले. "काय बोलायचं ते मला बोला."

साहेबांनी नाणं उलटंपालटं करून बघितलं. मग विचारलं, "ट्रेमध्ये कोणी ठेवलं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. प्लांट हेडला उत्तर देणं बरं दिसत नाही.

"मीच ना?" ते म्हणाले, आणि हसले.

शनिवारी साहेब व्यापाऱ्याकडे गेले, झालं ते सांगितलं, त्याची बोलणी खाल्ली आणि दुसरं नाणं घेऊन आले. सोमवारी ते दाखवायला लॅबच्या दारात उभे राहिले. आत काही येईनात. मामांना म्हणाले, लांबूनच बघा.

मी विचारलं, "सर, हे अस्सल आहे याची खात्री?"

"त्याच व्यापाऱ्याकडून घेतलंय," साहेब म्हणाले. "आता आणखी काय तपासायचं?"

नाणी जमवायला निघालेल्यांना लॅबवाल्या बाईचा एकच सल्ला. शंका आली तर आधी चार जाणत्यांना विचारा. घासायला आम्ही आहोतच.