अप्पाचं फडकं

बातमी आली तेव्हा मी मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर चहा पीत होते. पुण्याला लेकीकडं गेले होते, परतीची एसटी चहापाण्याला थांबली होती. फोन आमच्या रुग्णालयाच्या रिसेप्शनवरच्या शबानाचा. "ताई, वैजूअप्पा गेले," म्हणाली आणि रडायलाच लागली. मी विचारलं, कुठं गेले? कारण अप्पा सदा कुठंतरी गेलेलाच असायचा... या वॉर्डात, त्या वॉर्डात, नाहीतर साहेबांच्या बंगल्यावर. "दुपारी जेवून पडलते, उठलेच न्हाईत," ती म्हणाली. मी उरलेला चहा पिऊन टाकला. रडू आलं नाही, राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहावं अशी रीत आहे, पण माझ्याच्यानं ते होणार नाही.

वैजनाथ अप्पा म्हणजे आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयाचा संगणक विभाग. प्रमुखही तोच आणि शिपाईही तोच. मी तिथं प्रयोगशाळा सांभाळते. माझ्याहून तो बराच लहान, पण परळीच्या लिंगायत घरातला म्हणून सगळेच त्याला अप्पा म्हणत. वडिलांचं परळीत भांड्यांचं दुकान. औष्णिक वीज केंद्राची राख उडून भांड्यांवर बसायची आणि शाळेत जायच्या आधी ती सगळी पुसून लावायची हे घरातल्या पोरांचं काम. पोरगा पुढं इंजिनियर झाला तरी हातातलं फडकं काही सुटलं नाही. सर्व्हरच्या खोलीत दाराशेजारच्या खिळ्याला त्याचं पिवळं फडकं कायम लटकलेलं असे. दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात. अप्पा हौसेनं पूजा करू द्यायचा, पेढे दोनदा घ्यायचा, आणि माणसं पांगली की यंत्रांच्या हवा जायच्या जाळ्यांमध्ये सांडलेलं कुंकू एकटा बसून पुसायचा. स्वतःच्या कपाळाला मात्र रोज विभूतीचे पट्टे. मी एकदा चिडवलं, "अप्पा, तुला राख चालते आणि मशीनला कुंकू चालत नाही का?" तो म्हणाला, "मशीनला कुंकू बी न्हाई आन राख बी न्हाई. तिला श्वास घ्यायचा असतोय, ताई. परळीच्या माणसाला इचारा, श्वास कोंडणं काय असतंय ते."

तो काही संत नव्हता. लई बोलायचा. प्रिंटर का चालत नाही असं विचारलं तर प्रिंटरचा जन्म कुठं झाला तिथून सुरुवात करायचा. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता संपवायचा. आणि साहेबांवर त्याची श्रद्धा होती. साहेब म्हणजे आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, या भागातलं मोठं जमीनदार आणि राजकारणी घराणं. अप्पाच्या वडिलांना दुकानाची जागा म्हणे साहेबांच्या वडिलांनी मिळवून दिली होती. एवढ्यावर अप्पाची निष्ठा उभी होती. या निष्ठेचा मला आधीपासूनच वैताग यायचा.

यंदा आखाड लागायच्या आधीची गोष्ट. रुग्णालयाच्या नेटवर्कला एक फायरवॉल आहे. बाहेरच्या इंटरनेटमधून काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही, हे ठरवणारी एक पेटी. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलंय, ताबडतोब अपग्रेड करा, असं बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं. अप्पा तयारीला लागला. सगळ्या माहितीचा बॅकअप काढला, तारा उपटून तो वेगळ्या कपाटात ठेवला. एका जुन्या पेटीवर आधी अपग्रेड करून बघितलं. बिघडलंच तर मागं कसं फिरायचं तेही ठरवलं. मग विभागाविभागांतून हिंडला. माझ्याकडं आला आणि रक्ताच्या तपासण्यांचं मशीन सर्व्हरला कधी निकाल धाडतं ते विचारत बसला. मी म्हटलं, "अरे, दोन तासांचं काम ना, उरकून टाक." "तसं न्हाई, ताई. दार नवं बसवायचं तर जुनं काढावं लागतंय. तेवढा वेळ कुणी आत येऊ नये आन आतल्याचं कुणाचं अडू बी नये. तुमच्याकडं तातडीचा पेशंट असला तर मी दार काढणारच न्हाई." मी नांदूरघाटची, मला बोलण्यात हरवणं सोपं नाही, पण त्या दिवशी वाद न घालता मी त्याला सगळं सांगितलं.

आता अडलं होतं फक्त परवानगीपाशी. आमच्या ट्रस्टची पद्धत अशी की परवानगी मागायची ती बंगल्यावर जाऊन, हात जोडून, तोंडी. अर्ज घेऊन गेलात तर साहेबांना तो अविश्वास वाटतो. "घरच्या माणसानं कागद आणायचा?" असं ते एका डॉक्टरला म्हणाले होते, तेव्हापासून कुणी कागद नेत नाही. अप्पा गेला, मलाही सोबत नेलं, कारण सगळ्यात जास्त खोळंबा माझ्याच प्रयोगशाळेचा होणार होता. रविवार दुपार मागितली. साहेबांनी शेजारी बसलेल्या व्यवस्थापकाकडं पाहिलं. व्यवस्थापक म्हणाला, त्या दिवशी अमावास्या आहे. पुढं आखाड लागला, तेव्हा अप्पा पुन्हा बंगल्यावर गेला, तर आखाडात नवीन काही नको असं ठरलं. "साहेब, हे नवं न्हाई. जुन्याचीच डागडुजी हाय," अप्पा म्हणाला. साहेब हसले. "अप्पा, तू शिकला लई, पण रीत इसरला." तिसऱ्या खेपेला श्रावण, साहेबांचा वाढदिवस, त्यानिमित्त तपासणी शिबिर, तेव्हा काहीही बंद ठेवायचं नाही. दर खेपेला तारीख पुढं गेली की अप्पा मुकाट्यानं बॅकअप नव्यानं काढायचा. मी म्हणायचे, "अरे, एका रविवारी गुपचूप करून टाक. कुणाला कळतंय?" त्यावर तो दुखावल्यासारखं बघायचा. "घरमालकाला न इचारता दार काढू का?"

श्रावण सरायच्या आतच व्हायचं ते झालं. त्याच भोकातून कुणीतरी आत शिरलं. एका सकाळी रुग्णालयातला प्रत्येक संगणक कुलूपबंद, पडद्यावर खंडणीची धमकी, ओपीडीच्या बाहेर रस्त्यापर्यंत रांग, आणि माझ्याकडं हातात रक्ताच्या नळ्या घेऊन उभी राहिलेली लॅबची पोरं. अप्पानं आदल्या रविवारी काढलेला बॅकअप कपाटातून बाहेर काढला आणि एकेक विभाग उभा केला. जेवणाच्या वेळेची आठवण त्याला मीच करून द्यायचे. आठवड्याच्या आत सगळं सुरळीत झालं. अपग्रेड होऊ न देणाऱ्यांमुळं रुग्णालय बुडलं आणि त्याच अपग्रेडच्या तयारीमुळं तरलं. एवढी साधी गोष्ट आहे. शाळेतल्या पोराला कळेल.

पण बैठकीत ती कुणालाच कळली नाही. गावभर बोभाटा झाला होता, कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवं होतं. व्यवस्थापकानं वाचून दाखवलं, संगणक विभागाच्या निष्काळजीपणामुळं हा प्रकार घडला. अप्पा उभा राहिला आणि साहेबांकडं बघून म्हणाला, "साहेब, मी तीनदा आलतो बंगल्यावर." साहेब फोनमध्ये बघत होते. व्यवस्थापकानं विचारलं, अर्ज दाखवा. मी उठले, म्हटलं, पहिल्या खेपेला मी सोबत होते, अमावास्या तुम्हीच काढलीत. उत्तर मिळालं, "ताई, तुमी तुमच्या लॅबचं बघा." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती माझ्या डोळ्यांसमोर दिली गेली, तीही पंख्याखाली, चहा-बिस्किटं खात. अप्पाला औषध भांडारात बसवलं. अपग्रेडचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. आणि ते कधी करायचं? तर पितृपक्ष आडवा येतो म्हणून दसऱ्याला. साहेबांच्या घरचे गुरुजीसुद्धा म्हणाले, दुरुस्तीला मुहूर्त लागत नाही. तरीही दसराच. दार फुटलं होतं आणि ही माणसं पंचांग बघत होती.

त्यानंतरचा अप्पा मला आठवायला नको वाटतो. परळीच्या बाजारात लोक त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना दुकानात येऊन विचारायचे, "तुमच्या लेकामुळं दवाखाना बसला म्हणं?" म्हातारा भांडी पुसत राहायचा. अप्पाला पगार वाढवून नको होता, जुनी खोलीही परत नको होती. त्याला साहेबांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, की चूक वैजनाथची नव्हती. चार माणसांत एकदा म्हणावं, बस. त्यासाठी तो सुट्टीच्या दिवशी बंगल्याच्या ओसरीवर जाऊन बसायचा. आत निरोप जायचा, बाहेर चहा यायचा, साहेब काही यायचे नाहीत. मी त्याला तोंडावर बोलले, "तुला लाज वाटत नाही का रे? भीक मागतोस?" तो म्हणाला, "भीक कावून, ताई? माझंच हाय ते. त्यांच्याकडं राह्यलंय." माझा राग साहेबांवर आहे, व्यवस्थापकावर आहे, आणि खरं सांगायचं तर अप्पावरही आहे. असल्या ओसरीवर बसून झुरायला देवानं एवढी अक्कल दिली होती का?

पितृपक्षातच तो गेला. परळीला त्यांच्या रिवाजाप्रमाणं बसवून माती दिली. आठवड्यानं रुग्णालयात शोकसभा झाली. मंगलवहिनी, अप्पाची बायको, पहिल्या रांगेत, शेजारी मी. साहेब माईकवर आले, गहिवरले. वैजनाथ माझा उजवा हात होता, म्हणाले. मग म्हणाले, "मधी काही लोक त्याला बोल लावत होते. मी आज सांगतो, त्याची तसूभर बी चूक नव्हती." लोकांनी माना डोलावल्या. किती सहज म्हणाले ते! खिशातून रुमाल काढावा तितक्या सहज. वहिनींनी माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, "ताई, हे बोलायला तवा काय झालतं ओ यांना?"

दसऱ्याला अपग्रेड झालं. वरातीमागून घोडं आलं आणि त्या घोड्यालाही हार घातला. त्या कंपनीच्या पुण्याहून आलेल्या पोरांनी काम केलं, साहेबांनी एक बटण दाबलं, फोटो निघाले. नारळ फुटला. साहेबांनी त्या पेटीवर मूठभर कुंकू वाहिलं, तेही थेट जाळीवर. मग सगळे पेढे खायला खाली गेले. खोलीत पंख्यांची घरघर तेवढी राहिली. पिवळं फडकं खिळ्यालाच होतं, तिकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मी ते काढलं आणि पुसायला लागले. विसरलेला फोन घ्यायला व्यवस्थापक परत आला आणि दारातच थबकला. "ताई, कावून पुसायलात? साहेबांच्या हातचं कुंकू हाय. कुणाला न इचारता पुसू नाही."

मी म्हटलं, "मंगलवहिनीचं पुसलं, तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

तो फोन घेऊन निघून गेला. मी जाळीची एकेक फट पुसून काढली, फडकं झटकलं आणि परत खिळ्याला अडकवलं.